अकरा अर्ज

१

रोज सकाळी साडेनऊला मी सर्व्हरच्या खोलीत जातो, दार आतून लावतो आणि आदल्या दिवशी काय काय पुसलं गेलं त्याची यादी वाचतो. यादी छोटी असते आणि प्रत्येक ओळीपुढे माझंच नाव असतं. असायलाच हवं. आमच्या कार्यालयात पुसण्याचा अधिकार फक्त मला आहे.

इथे घरं मोजली जातात. मोजणीदार टेप घेऊन घरोघरी जातात, खोल्या मोजतात आणि नकाशे आणून सर्व्हरवर ठेवतात. प्रत्येक घराचा एक फोल्डर, प्रत्येक खोलीची एक फाइल. नकाशे काढणारे बाकी सगळे सामान्य वापरकर्ते. हा शब्द माझा नाही, यंत्राचा आहे, पण मला तो फार आवडतो. सामान्य वापरकर्त्याने फाइल बनवावी, वाचावी, दुरुस्त करावी. पुसायची झाली तर माझ्याकडे अर्ज करावा. अर्ज आला की मी त्यावर ‘परवानगी नाही’ असा शिक्का मारतो. शिक्का मी मुद्दाम बनवून घेतला, कारण लिहून लिहून हात दुखायचा. पाठीमागे मला ‘कुलूप’ म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांच्या हाती पुसायला दिलं की घरंच्या घरं गायब होतील, अशी ही माणसं आहेत.

कोणी नवीन आलं की मी त्याला एक गोष्ट समजावतो. समजा, एका खोलीत कुलूपबंद पेटी आहे. पेटी उघडायचा अधिकार तुम्हाला नाही. पण खोली तुमची असेल तर ती पेटी तशीच उचलून रस्त्यावर फेकायला तुम्हाला कोण अडवणार? सर्व्हरवरही तसंच असतं. फाइल कोणाची आहे याला पुसताना काडीची किंमत नाही. फोल्डर कोणाचा, एवढंच यंत्र बघतं. म्हणून सगळे फोल्डर माझ्या नावावर.

लोक माना डोलावतात. कळत कोणालाच नाही.

२

त्या मंगळवारी यादीत एक ओळ जास्त होती.

घर क्रमांक २२०८. फाइल ‘माळा’. पुसली, सोमवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. पुसणारा: १०१७.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ तिथेच होती. १०१७ हा नंबर मी पंधराच दिवसांपूर्वी नव्या बाईंना दिला होता. त्यांच्या आधी तो एका जुन्या मोजणीदाराचा होता, आणि तो माणूस कामावर यायचा थांबल्यावर मी त्याचं खातं बंद केलं होतं. नियमाने जुना नंबर नव्या माणसाला द्यायचा नसतो. पण १०१६ नंतर एकदम १०१८ दिसलं की मला चैन पडत नाही. गाळलेली जागा मला खपत नाही, म्हणून मी ती भरली.

मी तडक बाहेर गेलो. बाई पेन्सिलीला टोक करत होत्या.

“काल दुपारी काय पुसलंत?”

“मी? काही नाही, साहेब. मला कुठे अधिकार आहे?”

“एक वीसला.”

“एक वीसला मी डबा खात होते. विचारा सगळ्यांना.” मग त्या म्हणाल्या, “पण साहेब, एक विचारायचं राहून गेलं. माझ्या नावावर एक्केचाळीस घरं दिसतात. मी तर एकही मोजलेलं नाही.”

तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आग त्यांच्यावर काढता आली नाही. आत जाऊन पाहिलं तेव्हा चूक माझीच निघाली. जुन्या मोजणीदाराचं खातं बंद करताना त्याच्या सगळ्या फाइली माझ्या नावावर करायच्या होत्या. हुकूम देताना मी दोन नावं उलटी टाकली होती आणि माझे एक्केचाळीस फोल्डर त्याच्या नावावर करून टाकले होते. तेसुद्धा तो गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं. मी गुपचूप सगळे फोल्डर परत माझ्या नावावर घेतले आणि कोणालाही सांगितलं नाही.

पुसलेला ‘माळा’ जुन्या प्रतीतून परत आणला. फाइल आली, पण आत कोरं पान होतं.

३

घरी ताई आणि मी, दोघंच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई सतरा. तिने शिवणयंत्र चालवून मला वाढवलं. शाळांचे गणवेश शिवते, अजूनही. गुडघे गेलेत, पण पायडल सुटलेलं नाही. जगात मी एकाच माणसाला घाबरतो, आणि ते माणूस मला अजून “नाक पूस” म्हणतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि वर पाहिलं. छत सपाट होतं.

आमच्या स्वयंपाकघरावर माळा होता. लाकडी फळ्यांचा, डाव्या हाताला शिडी. त्यावर माझी शाळेची पुस्तकं, आईची ट्रंक, मोडका पंखा. आता तिथे चुना लावलेलं साधं छत होतं, कोपऱ्यात जुनं कोळिष्टक. कोळिष्टक जुनं होतं, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

“ताई, माळा कुठे गेला?”

आतून यंत्राची खडखड थांबली. “कुठला माळा?”

“आपला माळा! आईची ट्रंक ठेवलेला.”

“या घराला माळा कधी होता? चहा घे आणि जरा पड. दिवसभर त्या डब्यासमोर बसून डोकं फिरलंय तुझं.”

मी चहा घेतला. माणूस थकतो, घोळ होतो, लहानपणीच्या दुसऱ्या कुठल्या घराचा माळा आठवतो, असं मी स्वतःला सांगितलं. पण आम्ही दुसऱ्या कुठल्या घरात कधी राहिलोच नव्हतो.

४

बुधवारी सकाळी यादीत होतं: घर क्रमांक २२०८. फाइल ‘मागचा व्हरांडा’. एक वीस. १०१७.

आणि त्याच्या वरच्या ओळीत, एक वाजून एकोणीस मिनिटांनी: फोल्डर २२०८ परत १०१७ च्या नावावर केला. करणारा: मी.

काल एक एकोणीसला मी बाहेरच्या टेबलावर सगळ्यांदेखत जेवत होतो. सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती.

मग मी तो फोल्डर उघडला. एवढे दिवस उघडला नव्हता. घराचे क्रमांक आमचे आम्ही देतो, त्यावरून गल्ली कळत नाही, आणि आतले नकाशे बघायचे कष्ट मी कधी घेत नाही. पहिल्या पानावर घरमालकाचं नाव होतं. ते माझं होतं.

कोऱ्या ‘माळा’शिवाय आत फाइली उरल्या होत्या पाच. पुढची खोली. स्वयंपाकघर. भावाची खोली. बहिणीची खोली. आणि एक, जिला नुसतं ‘खोली सहा’ म्हटलं होतं.

आमच्या घरात सहावी खोली नाही.

नकाशावर ती ताईच्या खोलीला लागून होती. रुंदी आठ फूट. खिडकी नाही. दार नाही. चार रेघांचा बंद चौकोन. काढणारा १०१७.

तेव्हा मला तो माणूस आठवला. सगळे त्याला टेपकाका म्हणायचे. वाळलेला, वाकलेला, शर्टाच्या खिशाला लोखंडी टेप अडकवलेला. एक फाइल पुसू द्या म्हणून त्याने माझ्याकडे अकरा अर्ज केले होते. अकराही अर्जांवर माझा शिक्का. अकरावा द्यायला तो स्वतः आला होता, डब्याच्या सुट्टीत.

“साहेब, फाइल माझीच आहे. मीच काढली. चुकीची आहे.”

“फाइल तुमची, फोल्डर माझा. चूक काय आहे?”

त्याने खिशाची टेप चाचपली. मग म्हणाला, “बाहेरून घर बेचाळीस फूट भरलं. आतून, भिंती धरून, चौतीस. तीनदा मोजलं. शेवटी बेरीज जुळावी म्हणून मी आठ फुटांची एक खोली काढली. खोटी.”

“शाबास.”

“साहेब, मी काढली तेव्हा ती नव्हती. आता आहे.”

मी हसलो. नुसता हसलो नाही, तर त्याला तिथेच उभं ठेवून जेवणाऱ्या सगळ्यांना ते मोठ्याने सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, असंही वर म्हणालो. सगळे हसले. टेपकाकाने कोणाकडेच पाहिलं नाही, शिक्का मारलेला अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि टेप घेऊन बाहेर पडला. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा एक वीस झाले होते. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही.

त्याची सायकल दोन महिने आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी रोज तिला वळसा घालून जात होतो. कोणा गबाळ्याची आहे, असं मला वाटायचं.

५

संध्याकाळी घराला मागचा व्हरांडा नव्हता; काल माळ्याच्या नादात ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या जागी भिंत होती आणि तिच्यावर आमचीच जुनी चाळणी टांगलेली. मी ताईला काही विचारलं नाही. तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसलो.

“ताई, कोणी टेपवाला म्हातारा घरी आला होता का? मागे कधी?”

“आला होता की. तीनदा. तू कामावर असताना.” तिने दातांनी दोरा तोडला. “या भिंतीला कान लावून बसायचा. मला म्हणाला, तुमच्या भावाला सांगा, माझं ऐकत नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, तो माझं तरी कुठे ऐकतो?”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. तू म्हणालास, अर्ज करायला सांग.”

मला ते आठवलं. मी तसंच म्हणालो होतो, पेपरातून डोकं वर न काढता.

मग तो आवाज आला. आधी खरखर, पत्र्याची पट्टी फरशीवरून हळूहळू सरकत जावी तशी. थोडा वेळ काही नाही. आणि मग एकदम सर्रकन. टेप परत डबीत गेल्याचा आवाज.

“हा तुझ्या टेपचा आवाज?”

“माझी टेप कापडाची आहे, शहाण्या. ती कशाला वाजेल? उंदीर असेल. आठवडाभर चाललंय.”

भिंतीला ताईचं कपाट होतं. कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट. मी गुडघ्यावर बसलो आणि आत पाहिलं. धूळ होती, एक हरवलेलं बटण होतं, आणि भिंत जिथे फरशीला टेकते तिथून पिवळ्या टेपचं टोक बाहेर आलेलं होतं. वीतभर. टोकाचा लोखंडी आकडा फरशीच्या सांध्यात अडकवलेला. पलीकडून कोणीतरी टेप ताणून धरली होती, ती थरथरत होती.

मी बघत असतानाच आकडा सुटला. टोक सावकाश, अजिबात घाई न करता, भिंतीच्या आत गेलं. भिंतीला भोक नव्हतं. मी हात घालून चाचपलं.

“काय सापडलं?” ताईने विचारलं.

“बटण,” मी म्हणालो.

६

गुरुवारी यादीत ‘भावाची खोली’ होती. ती आदल्या दिवशी दुपारीच गेली होती. संध्याकाळी ताईच्या खोलीत शिरताना माझ्या खोलीच्या दाराकडे मी पाहिलंच नव्हतं आणि रात्री पुढच्या खोलीतच आडवा झालो होतो. आता आठवून पाहिलं तर माझी गादी तिथे आधीच घातलेली होती.

त्या सकाळी मी नव्या बाईंचं खातं बंद केलं. त्यांनी काही केलेलं नाही हे मला ठाऊक होतं. पण हातात दुसरं काही नव्हतं, आणि कोणावर तरी राग काढायचा होता.

“माझा गुन्हा काय?” डब्याच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

“नंबर.”

“तो नंबर मी मागितला होता? तुम्ही दिलात. माणूस गेला की त्याचा नंबरही जाऊ द्यायचा असतो, हे शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. तुम्ही एवढे मोठे कुलूप!”

तोंडावर मला तसं म्हणणारी ही पहिलीच. कोणी हसलं नाही, पण डबे उघडायचे थांबले.

मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन ‘खोली सहा’ पुसायचा हुकूम दिला. टेपकाकाने अकरा वेळा जे मागितलं होतं ते मी एका फटक्यात करणार होतो. आता मला उमगलं होतं की माझ्या ‘नाही’ने कोणाचं काय झालं होतं, आणि ते माझ्याच दारात येऊन उभं होतं. मला लाज वाटली. भीती जास्त वाटली.

पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

मला! या यंत्राने आजवर मला कधी नाही म्हटलं नव्हतं. मी वेगवेगळ्या रीतींनी नऊ वेळा हुकूम दिला. नऊ वेळा तेच. एक वीसला माझ्या डोळ्यांसमोर फोल्डरमधून ‘स्वयंपाकघर’ गेलं. बाईंचं खातं बंद होतं. पुसणाऱ्याच्या जागी नुसता आकडा होता, त्याला नाव नव्हतं.

घरी पोचलो तर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टोव्ह होता, भांडी होती, आणि ताई म्हणाली की आपण पहिल्यापासून इथेच स्वयंपाक करतो.

“ताई, आपण आज दुसरीकडे राहायला जाऊ. आत्ता.”

“कुठे?”

“कुठेही. लॉजवर.”

“आठ गणवेश शनिवारी द्यायचेत. आणि हे यंत्र तू डोक्यावर घेऊन चालणार का?” मग तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. “काय झालंय रे? कामावर कोणी बोललं का?”

मी खरं सांगायला हवं होतं. तिला ओढत न्यायला हवं होतं. पण मी स्वतःला बजावलं की सर्व्हर माझा आहे, उद्या एक वीसच्या आत मी मार्ग काढेन. आयुष्यभर दुसऱ्यांना अडवलं, तर एकाला अडवता येणार नाही का, असं वाटलं. हा माज होता. दुसरा शब्द नाही त्याला.

भिंतीपलीकडे सर्रकन टेप मिटली.

७

शुक्रवारी एक वाजता मी पडद्यासमोर बसलो होतो. बहिणीच्या खोलीच्या फाइलवर मी तीन-तीन कुलपं घातली होती: कोणी बदलू नये, कोणी उघडू नये, कोणी हात लावू नये. सगळी घालून झाल्यावर मी मागे टेकलो, आणि मग मीच सगळ्यांना सांगतो ती गोष्ट मला आठवली. पेटीला कुलूप घालून उपयोग नाही. खोली त्याची आहे.

फोल्डर माझ्या नावावर घेतला. मी बघत असतानाच नाव बदललं आणि १०१७ झालं. पुन्हा घेतला. पुन्हा गेला.

दार उघडून मी ओरडलो, “कोण बसलंय मशीनवर? कोण आहे?”

सगळे जेवत होते. नव्या बाईंनी दोन्ही हात वर करून दाखवले. बोटं खरकटी होती.

एक वीस. ‘पुढची खोली’ गेली. रस्त्यावर उघडणारं आमचं एकच दार त्या खोलीत होतं.

मी ताईला फोन लावला. मागे यंत्राची खडखड ऐकू येत होती.

“ताई, बाहेर ये. रस्त्यावर ये, आत्ताच्या आत्ता.”

“अरे, काय लावलंयस? चेन बसवतेय.”

“सोड ती चेन! दाराकडे जा.”

खुर्ची सरकली. तिची चप्पल फरफटली. ती भिंतीभिंतीने चालत असावी, कारण बोटं घासल्याचा आवाज येत होता. एक भिंत. दुसरी. तिसरी.

“कुठलं दार?” ताई म्हणाली. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा तिचा आवाज लहान झाला होता. “बाळ, या खोलीला दार कुठे आहे?”

‘बाळ’ ती मला आई गेली त्या दिवशी म्हणाली होती. त्यानंतर कधी नाही.

“थांब. घाबरू नको. मी आहे.”

“कपाट आपोआप हलतंय रे. कोणीतरी पलीकडून ढकलतंय.”

पुसणं थांबवता येत नव्हतं. हलवताही येत नव्हतं, कारण फाइल हलवायची म्हणजे जुन्या फोल्डरमधून काढायची, आणि त्याला फोल्डरचा अधिकार लागतो. मग सुचलं. नक्कल करायला फोल्डरचा अधिकार लागत नाही. फाइल वाचता आली की पुरे. मीच घातलेली कुलपं मीच काढली. दोनदा नाव चुकलं. तिसऱ्यांदा ‘बहिणीची खोली’ जशीच्या तशी माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरली. माझा फोल्डर, माझं नाव. तिथे माझ्याशिवाय कोणाला पुसता येत नाही.

एक चोवीसला २२०८ मधून बहिणीची खोली गेली. फोन बंद झाला नाही. नुसता आवाज यायचा थांबला.

८

मी गल्लीत पळत गेलो. आमच्या उजवीकडे शिकवणीवाल्या मास्तरांचं घर, डावीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांच्यामध्ये आमचं घर होतं. आता त्यांच्यामध्ये विटांची जुनी भिंत होती, मी हात पसरून मोजली, साधारण आठ फूट. दार नाही, खिडकी नाही. टेपकाकाची सायकल तिला टेकवलेली होती.

सायकलवाला पंक्चर काढत होता. त्याने मान वर केली.

“या, कुलूपसाहेब! आज इकडे कुठे?”

“माझं घर,” मी म्हणालो. “माझी ताई. गणवेश शिवणारी.”

 हातातली ट्यूब त्याने पाण्यात धरली, बुडबुडे आले. “तुम्ही तर ऑफिसातच राहता ना? सगळे म्हणतात. त्या थंड खोलीत खाट आहे तुमची.”

मी परत आलो. सर्व्हरच्या खोलीत, यंत्रांच्या रॅकच्या मागे, खाट होती. उशीवर माझ्या डोक्याचा खळगा होता. उशाशी माझा चष्म्याचा डबा. खाटेखाली धूळ अशी साचलेली, की ती वर्षानुवर्षं हललीच नसावी.

मी खाटेवर बसलो. पंख्यांची घरघर चालू होती. तिच्या खाली, रॅकच्या मागच्या भिंतीतून, खडखड येत होती. थांबून थांबून. शिवणयंत्राची.

मी भिंतीला दोन्ही तळहात लावले आणि रडलो. ती होती. मी तिला वाचवलं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

मग त्याच भिंतीतून सर्रकन टेप मिटली. खोलीची नक्कल करताना खोलीच्या चारी भिंती आल्या होत्या. त्यातली एक तिची आणि ‘खोली सहा’ची, दोघांची होती.

९

पहिला अर्ज सोमवारी आला. एक वीसला.

रॅकच्या मागे, भिंत जिथे फरशीला टेकते तिथून पिवळ्या टेपचं टोक सरकत बाहेर आलं. आकड्यात कागद टोचलेला होता. गणवेशाची मापं लिहायचा ताईचा कागद, ताईचं गोल अक्षर.

‘अर्ज. बहिणीची खोली पुसण्याची परवानगी मिळावी. रुंदी आज साडेसात फूट.’

त्याखाली, घाईत: ‘पुसून टाक रे. इथे मी एकटी नाही. तो बोलत नाही, नुसता मोजतो. मोजून झालं की भिंत पुढे घेतो.’

मी कागद हातात घेऊन फरशीवर बसून राहिलो. टेप ताणलेली होती, थरथरत होती. उत्तराची वाट बघत होती.

मला पुसता येतं. फोल्डर माझा आहे. एक हुकूम, आणि तिचा त्रास संपेल. पण यादी वाचणारा मी, आणि घरातलं बाकी सगळं दुसऱ्याने पुसलं, बहुधा म्हणूनच एकट्या मला ते आठवतं, एवढं मला कळलं आहे. ताईला माळा आठवत नव्हता. सायकलवाल्याला ताई आठवत नाही. ती खोली मी माझ्या हाताने पुसली आणि मग कोणी विचारलं, तुमची बहीण कुठे, तर मी काय म्हणेन? कुठली बहीण, असं तर म्हणणार नाही ना? मला वाढवलेल्या माणसाचं जगात एवढंच उरलं आहे, एक फाइल आणि माझं डोकं. हे प्रेम आहे असं मी रोज स्वतःला सांगतो. टेपकाका यावर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे.

दुसरा अर्ज: सात फूट. चौथा: सहा. यंत्र चालवायला जागा उरली नाही असं पाचव्यात होतं, आणि त्या दिवसापासून खडखड बंद झाली. सातव्यानंतर तिने ‘रे’ लिहायचं सोडलं. आठव्यात मला ‘साहेब’ म्हटलं होतं. नवव्यात, दहाव्यात नुसता अर्ज होता, कार्यालयात सगळे लिहितात तसा.

नव्या बाई कधीमधी दारातून डोकावतात. त्यांचं खातं मी परत सुरू केलं, वेगळ्या नंबराने. परवा म्हणाल्या, “साहेब, भिंतीत कोणी आहे का हो? कोणीतरी ठोकल्यासारखं वाटतं.”

“पाइप आहे,” मी म्हणालो.

आज अकरावा आला. अक्षर अजून ताईचंच आहे, पण बारीक. हात हलवायला जागा नसली की असं येतं. ‘रुंदी दीड फूट. कृपा करावी.’

टेप ताणलेली होती. पलीकडे दोघांचा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळजवळ. एक तिचा, लहानपणापासून ओळखीचा.

मी टेबलाचा खण उघडला. हात नीट चालत होते, सवयीचं काम होतं. कागद गुडघ्यावर ठेवला, शिक्का मारला आणि परत आकड्यात टोचला. टोक सावकाश, अजिबात घाई न करता, आत गेलं.